लक्ष्मणराव किर्लोस्कर : धोरणाने वाढलेला उद्योग

मराठी माणूस आणि धंदा हा विषय निघाला की दोन प्रकारची बोलणी हमखास ऐकू येतात. एक असे की, धंदा हा आपला पिंडच नव्हे. आपण शिकावे, नोकरी धरावी आणि महिन्याच्या एक तारखेकडे डोळे लावून बसावे. दुसरे असे की, अंगात कष्टाची धमक असली म्हणजे पुरे, धंदा आपोआप वाढतो. ही दोन्ही बोलणी मला अपुरी वाटतात. मी महाळुंग्याची. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव आहे. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९-१० मध्ये फोक्सवॅगन व महिंद्र यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाले. त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग करणाऱ्या लहान कार्यशाळांनी सारा भाग भरून गेला. पत्र्याच्या शेडमधून दिवसपाळी आणि रात्रपाळी लेथ फिरत असतात. कष्टाला येथे तोटा नाही. तरीसुद्धा यांतल्या कित्येक शेडमध्ये सुरुवातीला जी दोन यंत्रे होती, तीच दोन आजही आहेत. तेव्हा प्रश्न पडतो की, कष्टाखेरीज आणखी काय लागते?

या प्रश्नाचे उत्तर मला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात सापडले. त्यांच्या आयुष्याकडे आपण बहुधा जिद्दीची कथा म्हणून पाहतो. जिद्द तर होतीच. पण तिच्या जोडीला एक निश्चित धोरण होते. आपण कोणासाठी काम करतो, आज काय बनवायचे आणि त्यातून उद्या काय बनविता येईल, याचा विचार त्यांनी प्रत्येक टप्प्यावर केलेला दिसतो. प्रस्तुत लेखात त्यांचे जीवन मी याच बाजूने मांडणार आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांना लहानपणापासून दोन गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. शाळेच्या पुस्तकात मन रमेना, तेव्हा मोठे बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नसे. चित्रकाराला यापेक्षा मोठे संकट कोणते? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, अचूक रेघ लागते. ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये रेखाकला शिकवू लागले. जे जमत नाही त्याची खंत करीत न बसता, जे हातात आहे त्याचा दुसरीकडे कोठे उपयोग होईल हे पाहण्याची त्यांची सवय येथेच प्रथम दिसते.

किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ १८८८ हा मानला जातो. त्या काळी सायकल ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल विकायची म्हणजे ती चालवायला शिकविणे आले, आणि मोडली तर दुरुस्त करून देणेही आले. वरवर पाहता हे एक साधे दुकान. पण त्यातली आखणी ध्यानात घेण्यासारखी आहे. एक भाऊ नोकरीत असल्याने घराला पगाराचा आधार होता, आणि दुसरा भाऊ गिऱ्हाइकासमोर उभा होता. दुसऱ्याने बनविलेला माल विकताना गिऱ्हाईक काय मागते, कशाची तक्रार करते आणि किती पैसे मोजते, हे मोठा धोका न पत्करता शिकता येत होते. आधी विक्री, मग दुरुस्ती आणि शेवटी उत्पादन अशा पायऱ्यांनी हा धंदा चढला. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते. आधी कर्ज काढून यंत्र येते, आणि त्यावर काय बनवायचे व ते कोण घेणार, हा विचार नंतर येतो.

पुढे टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला आले. आता धंद्यावरच घर चालवायचे होते. दुकानाच्या जोडीला एक लहानशी कार्यशाळा उभी राहिली. अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके आणि पुस्तके वाचून ते शिकत राहिले. पण बनवायचे काय?

मला वाटते, लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. शहरातल्या श्रीमंतांसाठी लागणारी यंत्रे विलायतेहून येतच होती. त्या मालाशी टक्कर देणे लहान कारखान्याला शक्य नव्हते. मात्र ज्याच्यासाठी कोणीच काही बनवीत नव्हते असे एक गिऱ्हाईक खेडोपाडी पसरलेले होते. ते म्हणजे आपला शेतकरी. लक्ष्मणरावांनी त्याला आपले गिऱ्हाईक ठरविले. पहिले यंत्र निघाले ते कडबा कापण्याचे. ज्याने घरी जनावरे पाळली आहेत त्याला यातली सोय समजावून सांगावी लागत नाही. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाने ओरबाडते आणि बुडखे तुडवून टाकते; तोच बारीक कापून दिला तर सगळा पोटात जातो. नव्या कारखानदाराने पहिली वस्तू अशी निवडली की तिचा फायदा चार दिवसांत गोठ्यातच दिसावा.

त्यानंतर लोखंडी नांगर आला, आणि खरी कसोटी लागली. शेतकऱ्याची लाकडी नांगरावर पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, अशी समजूत सर्वत्र होती. पहिला नांगर खपविण्यासाठी लक्ष्मणरावांना दोन वर्षे वाट पाहावी लागली! आज आपल्याला ही समजूत हास्यास्पद वाटेल. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याच्याजवळ एकच शेत आणि वर्षाला एकच मोठा हंगाम. प्रयोग फसला तर वर्षभर घर उपाशी. अशा माणसाचे मन जाहिरातीने वळत नाही. शेजारच्या बांधावर खोल नांगरट झालेली, हरळी-कुंदा मुळासकट वर आलेला आणि माती उलटून पडलेली डोळ्यांनी पाहिली, म्हणजे मगच ते वळते. लक्ष्मणरावांनी ही दोन वर्षे सोसली. गिऱ्हाईक घेत नाही म्हणून त्यांनी गिऱ्हाईक बदलले नाही. धोरण म्हणजे केवळ हुशारीने घेतलेला निर्णय नव्हे, तर तो निर्णय खरा ठरेपर्यंत तग धरण्याची तयारीही त्यात येते.

नांगराला मागणी येऊ लागली आणि तेवढ्यात दुसरे संकट कोसळले. कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी म्हणून बेळगाव नगरपालिकेने त्यांना उठविले. चालता कारखाना मोडून न्यायचा तर कोठे? याच सुमारास औंध संस्थानात देवीच्या मंदिरापुढील सभामंडप बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणग्राही. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण ओळखली आणि आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

ती जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा वावर असलेला ओसाड माळ होता. मग ती का पत्करली? नकाशा पाहिला म्हणजे याचे उत्तर मिळते. माळ ओसाड असला तरी तो रेल्वेला लागून होता. बिडाचे लोखंड आणि कोळसा आणायचा, आणि नांगरासारखी वजनदार वस्तू गावोगाव पाठवायची, तर रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. शिवाय भोवती कृष्णेच्या खोऱ्यातला शेतकरी, म्हणजे लक्ष्मणरावांचे ठरलेले गिऱ्हाईक. निवडुंग काढता येतो, पण रेल्वे आणि बाजारपेठ उचलून आणता येत नाही. पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

माळावर कारखाना उभारायचा म्हणजे वस्तीही उभारायची. घरे, पाणी, शाळा, सारेच करणे भाग होते. या कामी लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या. अंतूबा फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण पुढे कारखान्यातले कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकर वाडीच्या व्यवस्थेपासून औषधपाण्यापर्यंत पडेल ते काम करीत. मंगेशराव रेगे कचेरी सांभाळीत. इतकेच नव्हे, तर ज्यांनी पूर्वी शिक्षा भोगली होती अशा तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर राखणीचे काम सोपविले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यता न मानण्याचा नियम लक्ष्मणरावांनी वाडीत घालून दिला होता. माणूस कोठून आला यापेक्षा त्याला काय येते हे पाहणे, ही त्यांच्या लेखी माणुसकीही होती आणि कारखान्याची गरजही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईनासा झाल्याने देशी नांगराला मोकळे मैदान मिळाले. पण त्याच कारणाने लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही टंचाई झाली. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, अशी ही कोंडी होती. दगडी कोळशाऐवजी लाकूड वापरणे, रंग स्वतः तयार करणे, मिळेल तेथून जुने लोखंड गोळा करणे, असे मार्ग त्यांनी काढले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, असेही सांगितले जाते. तोफेचा नांगर होणे ही कल्पनाच किती सुंदर आहे!

१९२० हे वर्ष या उद्योगाला नवे वळण देणारे ठरले. किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. घरच्या पैशावर धंदा एका मर्यादेपर्यंतच वाढतो. पुढे भांडवल बाहेरून आणावे लागते आणि त्याबरोबर हिशेबही बाहेरच्यांना द्यावा लागतो, हे त्यांनी मान्य केले. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, त्याचे संपादक. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आले. आपण कला शाखेचे विद्यार्थी या मासिकांची नावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात वाचतो. त्यांचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात आहे, हे ऐकून माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना नवल वाटले. पण गिऱ्हाइकाशी सतत बोलत राहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी व्यापाऱ्याचीच होती.

१९२२ मध्ये लक्ष्मणरावांनी थोरले चिरंजीव शंतनुराव यांना यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे पाठविले. ते १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. वडिलांनी मासिकांतून शिकलेली विद्या मुलाने रीतसर शिकावी, ही पुढच्या पिढीची तरतूद होती. दरम्यान नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले होते. या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. जमीन नांगरली, ऊस लावला, तर चरक हवा. भुईमूग काढला, तर शेंगा फोडायला यंत्र हवे. दोन्हींना पाणी द्यायचे, तर पंप हवा. आणि पंप चालवायचा, तर इंजिन हवे. प्रत्येक नवी वस्तू जुन्याच गिऱ्हाइकाच्या पुढच्या गरजेतून निघाली आहे, आणि ती जुन्याच ओतशाळेत, जुन्याच कारागिरांच्या हातून बनण्यासारखी आहे. पुढे १९३० च्या आसपास जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा राहिला नाही, तेव्हा हाच कारखाना लेथ आणि पोलादी फर्निचर यांकडेही वळू शकला. हातांना अनेक कामे शिकविलेली होती, म्हणूनच हे साधले.

त्यानंतरचा विस्तार मुख्यतः शंतनुराव आणि त्यांच्या पिढीने केला. १९४१ मध्ये हरिहर येथे, १९४६ मध्ये बंगलोर आणि पुणे येथे नवे कारखाने निघाले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाल्यावर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लक्ष्मणरावांना आयुष्यभराची कमाई जळालेली पाहावी लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

हे चरित्र वाचल्यावर एक आक्षेप सहज सुचतो. सर्वांनाच औंधचा राजा भेटत नाही. सर्वांच्याच घरी नोकरी करून आधार देणारा भाऊ नसतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लक्ष्मणरावांना दैवाने हात दिला. परंतु दैवाने दिलेला माळ काय किंवा १०,००० रुपये काय, पुष्कळांच्या हातून निसटून गेले असते. ते त्यांच्या हाती टिकले, कारण काय करायचे हे आधीच ठरलेले होते.

आमच्या भागात जमिनीच्या मोबदल्याचे पैसे पुष्कळ घरांत आले. कोणी बंगला बांधला, कोणी गाडी घेतली. माझ्या चुलतभावाने दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेतले. वाहनांचे भाग करणाऱ्या एका कंपनीसाठी तो नगावर पिना आणि बुश करून देई. माल चोख, वेळ चोख. एके दिवशी त्या कंपनीने ते भाग दुसरीकडून घ्यायचे ठरविले. सव्वा महिना यंत्रे बंद होती. हाताखालचे दोन्ही टर्नर दुसरीकडे गेले, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. काकांचे म्हणणे पडले की मशीन विकून टाकावे आणि त्या जागेवर खोल्या बांधून कामगारांना भाड्याने द्याव्यात. त्यांचेही चूक नाही. खोलीचे भाडे बुडत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी एकटीच, म्हणून दादाने मला विचारले की, तुझ्या पुस्तकांत यावर काही आहे का?

मी त्याला लक्ष्मणरावांची ती यादी सांगितली : नांगर, चरक, शेंगायंत्र, पंप. आणि एक भेद सांगितला, जो मला या चरित्राचे सार वाटतो. लक्ष्मणरावांचे गिऱ्हाईक एका प्रकारचे होते, पण ते एक नव्हते. हजारो शेतकऱ्यांपैकी दहा जणांनी पाठ फिरविली तरी कारखाना बंद पडत नव्हता. आमच्या शेडमधले गिऱ्हाईक मात्र अक्षरशः एकच होते. आम्ही दोघांनी वर्षभराची चलने मांडून पाहिली, तर दहा रुपयांतले नऊ एकाच दारातून येत होते. दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे, दुसऱ्याने ठरविलेल्या दराने, दुसऱ्याला हवे तितके दिवस केलेले काम कितीही चोख असले, तरी त्यातून धंदा वाढत नाही. फक्त हात चालू राहतात.

दादाने मशीन विकलेले नाही. भामा नदीच्या काठाला अजून कांदा-बटाट्याची शेती आहे आणि तेथले पंप बिघडतात. त्यांचे शाफ्ट आणि बुश करून देण्याचे काम तो घेऊ लागला आहे. पैसे थोडे आणि उधारी जास्त आहे. पण गिऱ्हाइके चौदा झाली आहेत. हे पुढे कितपत जाईल ते आज सांगता येणार नाही. काकांच्या खोल्यांचा विषयही अजून मिटलेला नाही.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दुकान, गिरणी, पोल्ट्री किंवा असेच एखादे लहान शेड असेल. पदवी घेतल्यावर आपण त्याकडे पाठ फिरवून नोकरीच्या रांगेत उभे राहतो, कारण त्या धंद्याला भवितव्य नाही असे आपल्याला वाटते. नोकरी करण्यात कमीपणा नाही. पण घरच्या धंद्याला भवितव्य नाही असे म्हणण्यापूर्वी त्याला कधी धोरण होते का, हे एकदा पाहावे. आपले गिऱ्हाईक कोण? त्याची पुढची गरज कोणती? आणि ती आपल्या हातच्या कसबातून भागविता येईल का? एवढे तीन प्रश्न वहीच्या एका पानावर मावतात. लक्ष्मणरावांनी ते विचारले, म्हणून निवडुंगाच्या माळावर गाव वसले.